मला मसाल्यातलं काही कळत नाही

शनिवारी सकाळी मिरच्यांची देठं खुडता खुडता वनमाला म्हणाली, "अहो, मला मशीन घ्यायचं आहे," आणि मी ताबडतोब पायांत चपला सरकवल्या.

कसलं मशीन, केवढ्याचं, कशाला, असले प्रश्न विचारत बसणारी माणसं वेगळी. मला रिटायर होऊन चार महिने झाले होते. औषधाच्या कंपनीत डिस्पॅच खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर कोणी आणायची-न्यायची भाषा केली की त्याचे पाय आपोआप हलतात. त्या चार महिन्यांत मी घरातले सगळे नळ दुरुस्त केले होते. त्यातले दोन नंतर प्लंबरला बोलावून पुन्हा दुरुस्त करावे लागले, पण तो प्लंबरही काही फार हुशार नव्हता.

दुपारी दोन वाजता मी घामाघूम होऊन कोटेशन घेऊन आलो. दीड हॉर्सपॉवर, दोन वर्षांची वॉरंटी, झाकणावर फुलांची नक्षी.

वनमालाने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "ही पिठाची गिरणी आहे."

"मग?"

"अहो, मसाला दळत नाहीत, कांडतात. दळला की तापतो, त्यातलं तेल जळतं. मला कांडप मशीन हवंय. लोखंडी मुसळं पडतात ना धबाधब, ते. अकरा वर्षं मी भांडुपला जाऊन रांगेत बसते ते काय दळायला?"

खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं. अकरा वर्षं ही बाई घरी मिरच्या आणि मसाला भाजते, पोती रिक्षात घालते, भांडुपला जाते आणि संध्याकाळी लाल होऊन परत येते, एवढं मला माहीत होतं. मधल्या वेळात काय होतं ते विचारायचा प्रसंग आला नव्हता. आमचा मालवणी मसाला नवघर रोडवर चांगला खपतो. होळीपासून मे अखेरपर्यंत तर घरात पाय ठेवायला जागा नसते. स्वतःचं मशीन असलं तर भांडुपची रांग वाचेल, शिवाय मुलुंडातल्या इतर बायकांचाही मसाला कांडून देता येईल, असा तिचा हिशेब होता. शेजारच्या बिल्डिंगमधला नंदूशेठचा तळमजल्याचा गाळा रिकामा होता. नंदूशेठने सांगितलं होतं, "वहिनी, शिमग्यापर्यंत थांबतो. मग मोबाईल कव्हरवाल्याला देणार." मशीन, थ्री फेज मीटर, गाळ्याचं डिपॉझिट मिळून चार लाख लागणार होते. हे सगळं तिने मला एका दमात सांगितलं.

"बँकेचं मी बघतो," मी म्हणालो. "तू नको त्रास घेऊस."

हे वाक्य आमच्या घरात लग्नापासून चालत आलेलं आहे. पूर्वी ते ऐकून वनमाला हसायची. या वेळी तिने फक्त मिरच्यांची परात पुढे ओढली.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला दहा मिनिटं लागली, कारण ती मीच पसरवली. सेक्रेटरी केयूरभाईंनी मला जिन्यातच धरलं. "दत्तारामभाई, लोन लेके धंदा नहीं करने का. अपने पैसे से करने का." अपना पैसा कुठून आणायचा ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तळमजल्यावरचा शिवदास गांगुर्डे कोर्टातून निवृत्त झालेला, त्यामुळे तो जे बोलतो ते निकालासारखं ऐकून घ्यावं लागतं. तो म्हणाला, "दत्ता, वेडा आहेस काय रे? वहिनींच्या नावावर घे. बायकांसाठी वेगळी योजना असते. तारण नाही, व्याज कमी. माझ्या पुतणीने, दर्शनाने, त्यातूनच विक्रोळीला शिवणाचं युनिट टाकलं. झकास चाललंय."

मग काय, मी फाईल तयार करायला घेतली. फाईल कशी करावी हे या मुलुंडात माझ्याकडून शिकावं. चार रंगांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक पानाला नंबर आणि सर्वांत वर लाल शाईत अनुक्रमणिका. एकोणतीस कागद जमवले. सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी बँकेत हजर झालो.

कर्जाच्या टेबलावर श्रुतिका नावाच्या मॅडम होत्या. वय तीस-बत्तीस, चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी फाईल उघडली, अनुक्रमणिका वाचली (मी वाट पाहिली, पण कौतुक केलं नाही) आणि विचारलं, "अर्जदार कुठे आहेत?"

"मी आहे ना."

त्यांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वनमाला तुम्ही?"

बाजूच्या खुर्चीतला मनुष्य हसला. त्याला स्वतःच्या कामाकडे लक्ष द्यायला काय झालं होतं कोण जाणे. मी खुलासा केला की वनमाला घरी आहे, तिला त्रास नको म्हणून मी आलो. मॅडमनी पुन्हा फाईल पुढे ओढली. त्या पानं उलटू लागल्या.

"फूड लायसन्स, दत्ताराम घाडीगावकर. उद्यम नोंदणी, दत्ताराम घाडीगावकर. क्यूआर कोड तुमचा. पैसे जमा होतात ते खातं तुमचं. लाइट बिल तुमचं." मग त्यांनी मसाल्याच्या पाकिटाचं लेबल हातात घेतलं. "हे कोण?"

लेबलवर माझा फोटो होता. टाय घातलेला. टाय स्टुडिओवाल्याचा होता, पण चेहरा माझा. छपाईवाला म्हणाला होता की लोक चेहरा बघून विश्वास ठेवतात, आणि त्या वेळी घरात शिल्लक असलेला पासपोर्ट फोटो माझाच होता.

"यात वनमालाताई कुठे आहेत?"

"मसाला तीच करते ना सगळा."

"ते कुठे लिहिलंय?"

मी अनुक्रमणिका पाहिली. एकोणतीस नंबरांत ते कुठेच नव्हतं.

पुढे असं निघालं की वनमालाला क्रेडिट स्कोअरच नाही. मी अभिमानाने सांगितलं की तिने आयुष्यात कोणाचा रुपया उसना घेतलेला नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच नाही." आणि स्कूटरचे तीन हप्ते चुकवलेल्या मला मात्र बँकेने सातशे बारा गुण दिलेले होते. शाळेत मला एवढे गुण कधी मिळाले नाहीत.

"सर, एक सुचवू का?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तुमच्याच नावावर कर्ज घ्या. अकरा वर्षांची उलाढाल दिसतेय, आठ दिवसांत होईल. व्याज जरा जास्त लागेल, एवढंच."

मी येताना पाव किलो पेढे घेऊन आलो.

"मिळालं!" दारातूनच ओरडलो.

वनमालाचा चेहरा असा फुलला, की तिला एवढी खूश मी कधी पाहिली होती ते आठवेना. तिने पेढा उचलला. "कुणाच्या नावावर?"

"माझ्या. तुझं-माझं काय वेगळं आहे का?"

तिने पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. झाकण लावलं. आणि वनमाला रागावली की मालवणीत जाते, तशी गेली. "अकरा वर्सां तिखट माझ्या डोळ्यांत गेला. हात माझे जळले. आणि कागदार कोण? तुमी! टाय लावून! माका कर्ज व्हया ता माझ्या नावार व्हया."

"अगं बाई, सगळी दुनिया कर्जातून नाव काढायला धडपडते आणि तुला घालायचंय?"

"तुमका काय कळता? वगी बसा."

मी तोंड मिटून वगी बसलो. ती जराशाने शांत झाली आणि शुद्धीवर, म्हणजे शहरातल्या मराठीवर आली. "माझ्या मैत्रिणीचं, जयाचं बघितलंत ना? नवऱ्याच्या नावाचं कॅन्टीन वीस वर्षं तिने चालवलं. तो गेला आणि लायसन्स निघालं दिराच्या नावावर. आता त्याच कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. पगारावर. कोणाला सांगणार होती ती, की हे माझं आहे? तिच्याकडे एक चिटोरं नव्हतं. माझ्याकडे काय आहे?"

मला बोलायचं होतं की मी काही इतक्यात मरत नाही, पण तो मुद्दा नव्हता हे मलाही समजलं. पेढे दोन दिवस तसेच राहिले, मग शिवदासने खाल्ले.

तर आता मोहीम अशी होती की धंद्यातून दत्ताराम काढायचा आणि वनमाला घालायची. हे काम कोणाकडे आलं? दत्तारामकडे. स्वतःचं नाव काढून टाकण्याचे सात अर्ज मी स्वतःच्या सहीने केले. एका ऑनलाइन फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता. 'मालक बदलला' म्हटलं तर विक्रीचा कागद मागत होता, 'मालक मयत' म्हटलं की लगेच पुढे जात होता. मी बराच वेळ त्या पर्यायाकडे बघत बसलो. शेवटी शिवदास म्हणाला, "दत्ता, नको रे. पेन्शन बंद होईल."

ओटीपीने तर वाट लावली. सगळ्या सरकारी ठिकाणी मोबाईल नंबर माझा. मी सायबर कॅफेत, फोन घरी चार्जिंगला. नाहीतर फोन माझ्याकडे आणि फॉर्म घरी. एकदा मी बिल्डिंगखाली उभा राहून तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून ओरडलो, "चार! नऊ! नऊ! शून्य!" वरून वनमाला ओरडली, "पुढे?" पहिल्या मजल्यावरून केयूरभाई ओरडले, "दत्तारामभाई, ओटीपी किसी को नहीं बताने का!" तेवढ्यात त्याची मुदत संपली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा वनमालाने शांतपणे स्वतःच्या मोबाईलचा नंबर सगळीकडे टाकून घेतला आणि काम पाच मिनिटांत झालं. हे आधी का सुचलं नाही असं मी तिला विचारलं. तिने पुढचा फॉर्म उघडला.

राहिली लेबलं. तीनशे पाकिटं तयार पडली होती, ती फुकट घालवायची कशी? म्हणून वनमाला आणि शिवदासची बायको शकु पाय पसरून बसल्या आणि नाण्याने माझा फोटो खरवडू लागल्या. मी खुर्चीत बसून स्वतःला तीनशे वेळा पुसलं जाताना पाहिलं. शकु फार कष्टाळू बाई, पण तिला मध्येच हसू फुटायचं. "भाऊजी, तोंड गेलं बघा. टाय काही निघत नाही!" काही पाकिटं तशीच बाजारात गेली. नवघर रोडच्या काही स्वयंपाकघरांत अजून तो टाय असेल.

यात साडेतीन आठवडे गेले. शिमगा नऊ दिवसांवर आला. नंदूशेठच्या गाळ्यासमोर मोबाईल कव्हरवाला रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचा आणि शटरची रुंदी वितीने मोजायचा. मी त्याला पाहून घरी यायचो आणि घरातल्या घरात फेऱ्या मारायचो. वनमाला फेऱ्या मारत नव्हती, पण रात्री कूस बदलायची, ते मला ऐकू यायचं. मग बँकेचा फोन आला: श्रुतिका मॅडम प्रत्यक्ष पाहणीला येणार, बुधवारी अकरा वाजता.

मी लगेच बिल्डिंगभर फिरलो. प्रत्येक दारात सांगितलं, "बुधवारी बँकेच्या मॅडम येतायत. काही विचारलं तर चांगलं बोला." सगळ्यांनी खात्री दिली.

बुधवारी सकाळी पाहतो तर वनमालाने गॅसवर मोठी कढई चढवलेली. "आज नको गं भाजूस!"

"चार दिवस उन्हात तापवलेली मिरची आहे. आज नाही भाजली तर दमट होईल. बँक थांबेल, मिरची थांबत नाही." आणि तिने नाका-तोंडावरून ओढणी घट्ट बांधली. मिरच्या भाजताना ती नेहमीच बांधते, आणि ती बांधली की बोलणं बंद.

अकरा वाजता मॅडम आल्या. त्या वर येईपर्यंत काय काय झालं ते मला जिन्यातून ऐकू आलं. वॉचमनला त्यांनी विचारलं, "मसाला करतात त्या कुठे राहतात?" तो म्हणाला, "दत्ताकाकांचा मसाला? तिसरा मजला." पहिल्या मजल्यावर केयूरभाई तयार होते. "मॅडम, दत्तारामभाई बहुत मेहनती आदमी. खड़े पाँव धंदा किया है." शिवदास तर खास पांढरा शर्ट घालून दारात उभा. "मॅडम, मी कोर्टात तीस वर्षं काढली, खोटं बोलणार नाही. दत्ता नसता तर हा मसाला नसता." आणि शकु! जी स्वतः रोज दुपारी वनमालाशेजारी बसून मिरच्या खुडते, तीसुद्धा म्हणाली, "आमच्या भाऊजींचा मसाला ठाण्यापर्यंत जातो हो."

यात कोणी खोटं बोलत होतं असं नाही. आपल्याकडे चांगलं बोलायचं म्हणजे घरातल्या पुरुषाचं नाव घ्यायचं, हीच रीत आहे. लग्नाच्या पत्रिकेपासून दाराच्या पाटीपर्यंत कोणी त्यावर विचार करत नाही. आणि मी? मी दारात वधूपित्यासारखा हात जोडून उभा होतो आणि प्रत्येक वाक्याला मान लववत होतो. मनात म्हणत होतो, वा, काय माणसं आहेत!

मॅडम आत आल्या, दोनदा शिंकल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन वनमालाला विचारू लागल्या. "ताई, मिरची कुठून घेता?"

"वाशी मार्केट," मी म्हणालो.

"कुठली मिरची?"

"उत्तम," मी म्हणालो.

"मशीनची क्षमता किती हवी?"

"जास्तीत जास्त," मी म्हणालो. मी चांगलाच रंगात आलो होतो. पुढच्या दहा-बारा प्रश्नांची उत्तरंही मीच दिली, आणि मध्ये एकदा मॅडमना पाणी आणून द्यायला वनमालाला सांगितलं.

मॅडमनी फाईल मिटली. "सर, या महिन्यातली ही चौथी केस. योजनेसाठी बायको पुढे करायची, धंदा नवऱ्याचा. खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं आणि ताईंना तर तुम्ही तोंडच उघडू दिलं नाहीत. मला असाच शेरा लिहावा लागेल, की अर्जदार फक्त नावापुरत्या आहेत."

दारात जमलेली सगळी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी वनमालाकडे पाहिलं. ओढणीच्या वर तिचे डोळे भरलेले होते. मिरचीचं पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं हे इतक्या वर्षांच्या नवऱ्याला कळतं. मला फार वाईट वाटलं. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"मॅडम," मी ओरडलोच, "मला मसाल्यातलं काही कळत नाही!"

"आत्ता तर सगळं सांगत होतात."

"खोटं सांगत होतो."

"खोटं कोणतं? आत्ताचं की मघाचं?"

शिवदास पुढे झाला. अखेर कोर्टातला माणूस. "मॅडम, पुराव्याशिवाय बोलणं नको. परीक्षा घ्या याची."

शकुने धावत जाऊन मसाल्याचा मोठा डबा आणला. मला मधोमध स्टुलावर बसवलं. मॅडमनी डब्यातून पाच वस्तू निवडल्या आणि पहिली, काळपट, चुरगळलेली, माझ्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"कचरा," मी म्हणालो. "निवडताना राहिला असेल."

"दगडफूल!" शकु कपाळाला हात लावून म्हणाली.

दुसऱ्याला मी लवंग म्हटलं, ते नागकेशर होतं. तिसऱ्याला संत्र्याची वाळलेली साल म्हटलं, ती जायपत्री होती. सगळे हसत होते. मला नापासच व्हायचं होतं, काम छान चाललं होतं. पण माणसाला काही स्वाभिमान असतो की नाही? मी मनात ठरवलं, पाचातलं एक तरी बरोबर सांगायचं. एकाने काही बिघडत नाही. चौथी वस्तू हातावर आली तेव्हा मी नीट पाहिली, वास घेतला आणि खात्रीने म्हणालो, "काळी मिरी. उकललेली."

"अरे, तिरफळ आहे ते!" शिवदास किंचाळला. "मालवणी माणूस ना तू? बांगड्यात काय खातोस मग इतकी वर्षं?"

आता मी घामाघूम झालो. पाचवी वस्तू पाहिली आणि जीव भांड्यात पडला. "जिरं!"

"शहाजिरं," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर शून्य लिहिलं.

"शहा असो नाहीतर कोणी असो, जिरंच ना!" मी वाद घातला, पण अर्धा गुणही मिळाला नाही. मी खरोखर प्रयत्न केला होता हे कोणालाच सांगता येईना.

"तुम्हाला येत नाही हे मान्य," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. हसून की मिरचीने, ते सांगता येत नाही. "पण म्हणून यांना येतं असं सिद्ध होत नाही."

स्वयंपाकघरातला गॅस बंद झाल्याचा आवाज आला. वनमालाने ओढणी सोडली, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन मॅडमसमोर बसली. "विचारा."

"मशीन किती हॉर्सपॉवरचं?"

"तीन. पाच घेऊन फायदा नाही, आमच्या गाळ्याला विजेचा तेवढा भार मिळणार नाही. मीटरवाल्याला विचारून आलेय. सहा मुसळांचं घेणार. खाली काँक्रीटचा चौथरा घालायला लागेल, नाहीतर हादरे बसून वरचे लोक तक्रार करतील. नंदूशेठशी बोलणं झालंय. वसईला बनवणाऱ्याकडे दोनदा जाऊन मशीन चालवून बघितलं."

"तुम्ही स्वतः चालवलं?"

"भांडुपला मालक आजारी होता तेव्हा दोन सीझन मीच उभी होते मशीनवर. माझा मसाला शेवटी, आधी रांगेतल्या सगळ्यांचा." मग तिनेच विचारलं, "मॅडम, तुमचं गाव?"

"कराड."

"मग तुमच्याकडे कांदा-लसूण घालतात. तो मी दिवसाच्या शेवटी कांडणार. आधी कांडला तर पुढच्या बाईच्या मसाल्याला वास लागतो. मालवणी सकाळी, आगरी दुपारी, तुमचा संध्याकाळी. येणार असाल तर चार वाजता या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं, ते परत उचललं. त्या लिहू लागल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

मी हळूच विचारलं, "तू वसईला कधी गेलीस?"

"तुम्ही नळ दुरुस्त करत होतात तेव्हा."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मॅडमनी शेरा बदलला, पण जाताना एक अट घातली. अकरा वर्षांचे कागद माझ्या नावाचे असल्याने मी प्रतिज्ञापत्र द्यायचं. मसुदा अर्थातच शिवदासने लिहिला, आणि लिहिताना त्याला जो आनंद होत होता तो शेजारधर्माला शोभणारा नव्हता. मुलुंड स्टेशनजवळच्या नोटरीने ते पाचशेच्या स्टँप पेपरवरून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: "मी, दत्ताराम घाडीगावकर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर व्यवसायात माझा काहीही हात नाही, तो माझ्या पत्नीने सुरुवातीपासून एकटीने चालवलेला आहे आणि मला त्यातले काहीही कळत नाही." मग चष्म्यावरून बघत त्याने विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीने लिहून देताय?"

मागे रांगेत नऊ माणसं होती. "हो," मी म्हणालो. "आणि ते खरं आहे."

शिमग्याला दोन दिवस असताना बँकेने वनमालाला सह्यांसाठी बोलावलं. मी बरोबर गेलो, पण मॅडमनी मला काचेबाहेरच्या बाकावर बसवलं. आत ती एकेका पानावर सही करत होती. बावीस सह्या मी मोजल्या. प्रत्येक वेळी पूर्ण नाव, सावकाश, अक्षर न अक्षर. मी बाकावर इतका चुळबुळ करत होतो, की शिपायाने मला बाथरूम कुठे आहे ते दाखवलं.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. ती मांडीवर फाईल घेऊन बसली. मला वाटलं होतं ती हसेल, बडबडेल. ती रस्त्याकडे बघत होती. दोन सिग्नल गेले.

"अहो."

"काय गं?"

"मला भीती वाटतेय."

"कसली?"

"चार लाख. माझ्या नावावर. आजवर काय तोटा झाला असता तो तुमच्या नावावर झाला असता. उद्या मशीन नाही चाललं तर लोक माझ्या दारात येणार." तिने मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मी ताबडतोब तिच्याकडे वळलो. "अगं वेडी आहेस का! ते सगळं मी बघ..."

"नाही," ती म्हणाली. "हिला हात लावू नका."

"फाईलला?"

"भीतीला. ती पण माझीच आहे. राहू दे माझ्याकडे."

मी हात मागे घेतला. कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून रिक्षाचा दांडा धरला. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला आणि तेवढंच एकटंही वाटलं. दोन्ही तिला सांगायचं होतं, पण जमलं नाही.

नवघर रोडच्या नाक्यावर रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहत विचारलं, "काका, डावीकडे की सरळ?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी वनमालाकडे बोट दाखवलं.

"सरळ," ती म्हणाली. "पुढे बंद शटर दिसेल, तिथे थांबव. मला उतरायचंय."

रिक्षा थांबली. ती उतरली, पदर सारखा केला, नंदूशेठच्या गाळ्याकडे चार पावलं गेली आणि मागे वळली. मी अजून आतच बसून होतो.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही पण उतरा."